परड्यातला क्लोव्हर

सासूबाई परड्यात घसरून पडल्या तेव्हा मी मशीनवर होते. पुढच्या खोलीत माझं ब्लाऊज शिवण्याचं दुकान आहे, मधे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, आणि मागं परडं. आधी पातेलं आपटल्याचा आवाज आला. पातेलं पडतच असतं, म्हणून मी बाही जोडत राहिले. मग हाक आली, "अगं ये, मी पडलो बघ." दूध उतू गेल्याचं सांगताना असते तेवढीच काळजी त्या आवाजात होती.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. बेळगावातला ऑगस्ट म्हणजे ऊन जवळजवळ नाहीच. तांबडी माती सैल मळलेल्या पिठासारखी होते आणि धुण्याच्या दगडापासून कढीपत्त्याच्या झाडापर्यंत शेवाळ धरतं. दरवर्षी मी त्यावर चुना टाकते आणि दरवर्षी पुढच्या सरीत तो वाहून जातो.

संध्याकाळी नवरा वर्कशॉपवरून आला. त्यानं आईचं प्लास्टर बघितलं, मग परड्यात जाऊन टाचेनं शेवाळ दाबून बघितलं आणि निकाल दिला.

"पाऊस थांबला की पेव्हर घालायचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मूठभर माती उघडी ठेवायची न्हाय."

"घाल की," आत्या म्हणाल्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. "मी गावाकडं जातो मग."

"गावाकडं काय हाय?"

"माती हाय."

जवळच उचगावात आमचं गावाकडचं घर आहे. दीर आणि धाकटी जाऊ शेती बघतात, त्यामुळं दिवसभर दोघंही रानात. आत्यांना साखर आहे, रोज इंजेक्शन लागतं. गावाकडं असताना त्या कधी इंजेक्शन घेऊन जेवायचं विसरायच्या, कधी जेवून इंजेक्शन विसरायच्या, आणि एकदा बांधावर बेशुद्ध सापडल्या. त्यानंतर आम्ही त्यांना इथं आणलं. इंजेक्शन मी टोचते, जेवायला मी बसवते. शहरातल्या या घरात त्यांचं मन लागलं ते मात्र माझ्यामुळं नाही, परड्यामुळं. काकडी, अबोली, शेवगा, कोपऱ्यात हळद. सकाळी खुरपं घेऊन बसल्या की दोन-तीन तास त्यांना कुणाची गरज लागत नाही.

पेव्हरवर खुरपं चालत नाही. त्या जातो म्हणाल्या म्हणजे जाणार, आणि गेल्या की पुन्हा कधीतरी बांधावर सापडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. नवऱ्याला तितकंच स्पष्ट त्यांचं दुसरं मनगट दिसत होतं. दोघांचंही खरं होतं. मला अशी जमीन पाहिजे होती जिच्यावर पाय घसरणार नाही आणि जिच्यात खुरपंही चालेल.

ती जमीन मला एका गिऱ्हाईकानं सुचवली. लष्कराच्या कॅम्पातल्या फौजींच्या बायका माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येतात. त्यांतली एक हिमाचलची होती. मापं घेताना मी परड्याचं रडगाणं सांगितलं, तर ती म्हणाली, "हमारे आँगन में तो कीचड़ होता ही नहीं, दीदी." त्यांच्याकडं उतारावर एक बुटकं तीन पानांचं गवत आपोआप पसरतं. पांढऱ्या गोंड्यांची फुलं येतात, मधमाश्या येतात, आणि एकदा धरलं की वर्षानुवर्षं राहतं. मी फोनवर शोधून तिला चित्र दाखवलं. क्लोव्हर. "हां, यही," ती म्हणाली. माहेरून येणाऱ्या राजम्याच्या पार्सलात तिनं माझ्यासाठी त्याचं बी मागवलं. राजगिऱ्याएवढं, पिवळसर.

आता पेरायचं कधी? माझ्या घरात दोन शेतकरी बायका, तेव्हा मी दोघींना विचारलं. जाऊ फोनवर म्हणाली, "आक्का, पाऊस हाय तवरच टाकून मोकळी हो. पावसाबिगर बी उगवतंय व्हय?" आत्या म्हणाल्या, "ओल हाय तर टाक की. वाट कशाची बघतीस?" मग सप्टेंबरात, आभाळ भरलेलं बघून, मी शेवाळ खरवडून काढलं, माती मोकळी केली आणि निम्मं बी टाकलं. जन्मभर आम्ही सगळं पावसाच्या तोंडावरच पेरत आलो. भात, भुईमूग, नाचणा. त्या रात्रभर पाऊस झाला. सकाळी माझी माती सपाट धुतलेली होती आणि बी गेलं होतं गटारीला. पुढच्या आठवड्यात गटारीच्या कडेला बारीक हिरवे ठिपके उगवले. परड्यात एकही नाही.

"गटारीला तरी चिखल होणार न्हाय," नवरा म्हणाला.

दसऱ्यानंतर पेव्हर आले. टेम्पोवाल्यानं भिंतीला लावून रास रचली. घालणारा मेस्त्री मात्र दुसऱ्या मोठ्या कामावर अडकला होता, आणि ती संधी मी सोडली नाही.

"पुढच्या पावसापर्यंत थांबा," मी म्हटलं. "निम्मं बी शिल्लक हाय."

"आणि न्हाय उगवलं तर?"

"तर मेस्त्रीला मी स्वतः चहा करून देते."

तो तयार झाला, पण अट घालून. पाऊस सुरू झाल्यावर परड्यात चिखल दिसला की त्याच दिवशी मेस्त्रीला फोन. आत्या पायरीवर बसून ऐकत होत्या. प्लास्टर निघालं होतं, हात अजून वळत नव्हता. "तोवर मी हाय हितं," त्या म्हणाल्या. मुदत त्यांनीही ठरवून टाकली.

मग मी जरा डोकं चालवलं. हे गवत थंड मुलखातलं. त्याला आपला पाऊस कशाला पाहिजे असेल? आत्यांना म्हटलं, थंडीतलं काय पेरता तुम्ही? "हरभरा. शाळू," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "मग हे बी हरभऱ्यागत कर की. दवावर वाढतंय काय बघू." दिवाळीच्या सुमाराला, सकाळी गार वाटायला लागल्यावर, उरलेलं बी वाळूत कालवलं. आत्यांनी चांगल्या हातानं ते फेकलं, मी मागून फळीनं हलकं दाबलं. संध्याकाळी झारीनं पाणी. बोअर आमचीच असल्यानं तेवढी चैन परवडते.

उगवलं. आधी दोन गोल पानं, मग एकेरी, मग तीन-तीन. इथं दुसरी अडचण आली. आमच्या रानात अंबुशी नावाचं तण असतं, त्यालाही तीन पानं. आत्यांनी जन्मभर अंबुशी उपटली आहे. तीन पानं दिसली की त्यांचा हात आपोआप जातो. पहिल्या दिवशी त्यांनी पायरीजवळचा हातभर तुकडा साफ करून मला दाखवला. "किती माजलंती बघ!" मी कपाळाला हात लावला. मग त्यांनीच उपाय काढला. उपटायच्या आधी एक पान चावून बघायचं. अंबुशी आंबट लागते, क्लोव्हर गवतासारखा लागतो. त्या थंडीत आमच्या परड्यातून सकाळी असा आवाज यायचा, "आंबट... आंबट... हे न्हाय आंबट, हे तुझं." शेजारीण गच्चीवरून बघत असायची. म्हातारी गवत खाते असं तिनं चार घरी सांगितलं असणार.

जानेवारी संपेपर्यंत माती दिसेनाशी झाली. त्याचे धुमारे जमिनीवरून सरपटत जातात आणि पेरापेराला मुळं सोडतात. एक रोप उपटून बघितलं तर मुळांना बारीक गाठी. आत्या म्हणाल्या, "भुईमुगाला असत्यात तशाच. मग हे जमिनीचं खाणार न्हाय, उलट देऊन जाईल." फेब्रुवारीत पांढरे गोंडे आले आणि मागोमाग माश्या. आधी नखाएवढी निळी फुलपाखरं, मग सातेरी माश्या, ज्या इथं भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत राहतात. ऊन परड्यात उतरलं की काम सुरू. स्वयंपाकघरात कुकर लावताना मला खिडकीतून तो आवाज ऐकू यायचा. दुकान सुरू असलेलं बरं वाटतं, तसं ते बरं वाटायचं.

नवऱ्याला नाही वाटलं. "आग्या मोहोळ बसलं तर?"

"आग्या उंच झाडावर बसतंय रं," आत्या म्हणाल्या. "गवतात न्हाय."

तिसऱ्याच दिवशी त्यांच्या तळपायाला माशी डसली. त्या परड्यात अनवाणीच फिरतात. मनगटावरून पेव्हर, आता तळपायावरून पेव्हर, असं मला दिसायला लागलं. नवरा म्हणालाच, "बघितलीस? घसरून न्हाय तर चावून."

आत्या पायरीवर बसून लोखंडी किल्ली पायावर घासत होत्या. "मी पाय दिला तिच्यावर. ती काय माझ्या वाटंत आलती व्हय? गप जा तू कामाला."

त्यावरची सोय साधी होती. माश्या ऊन आल्याशिवाय येत नाहीत. आत्यांचं खुरपणं सकाळी लवकर, ऊन उतरायच्या आत आटपायचं. नंतर जायचं असेल तर पायात चप्पल. चप्पल त्यांना मान्य नव्हती, त्यामुळं त्या लवकर आटपू लागल्या, आणि परिणामी इंजेक्शन आणि नाश्ता वेळेवर होऊ लागला. हे मी ठरवलेलं नव्हतं, पण झालं ते बरंच झालं.

यंदाच्या उन्हाळी काकडीबद्दलही सांगायला पाहिजे. आधीच्या वर्षी वेलाला फुलं भरपूर आली, पण बोटाएवढी काकडी पिवळी पडून गळायची. आत्या म्हणायच्या, वेलाला नजर लागली. या वर्षी क्लोव्हरवरच्या माश्या तिथून उठून काकडीच्या फुलांत जायच्या, हे मी स्वतः बघितलं. काकड्या इतक्या आल्या की गिऱ्हाइकांना ब्लाऊजबरोबर काकडी दिली. क्लोव्हरमुळंच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. यंदा आत्यांनी शेणखतही घातलं होतं.

एप्रिलमध्ये मात्र उन्हानं दम काढला. भिंतीच्या बाजूचा क्लोव्हर करपून तपकिरी झाला. शेवग्याच्या आणि कढीपत्त्याच्या सावलीतला तेवढा टिकला. मी संध्याकाळी पाणी घालत राहिले. करपलेल्या ठिकाणी बोटानं माती उकरून बघितली तर खाली धुमारे हिरवे होते. मेमध्ये दोन वळीव पडले आणि सावलीकडून गालिचा पुन्हा पुढं सरकायला लागला. पाऊस तोंडावर आला होता. पंधरा-वीस दिवस सांभाळलं की झालं, असं मी धरून चालले होते.

त्या आठवड्यात जाऊ आली. तिला कॅम्पात काहीतरी काम होतं, येताना आंबे घेऊन आली. मला एका लग्नाचे ब्लाऊज द्यायला जायचं होतं. आत्या दुपारच्या झोपेत होत्या. मी तिला म्हटलं, तू जेव, विश्रांती घे, मी आले. परत आले तर जाऊ निघून गेली होती आणि परड्यात एक पान उभं नव्हतं. विळ्यानं, अगदी जमिनीलगत, ओळीनं, नीट कापलेलं. तिच्या कामात कधी खोट नसते.

मी फोन केला. ती उचगावच्या बसमध्ये होती. मागं कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी ओरडत होता.

"आक्का, कंडक्टर इचारतोय गठुळ्यात भाजी हाय काय! लुगड्यात बांधून घेतलंय सगळं."

"अगं, कापलंस कशाला?"

"म्हंजे? एवढं हिरवंगार गवत, आणि तोंड लावायला जनावर न्हाय तुझ्या घरात! मे महिन्यात! हितं माझी म्हस वाळका कडबा चघळून कटाळली. तुझं परडं बी साफ झालं की." मग तिला माझ्या आवाजातलं काहीतरी कळलं असावं. "का गं? राखून ठेवलंतं काय?"

राखून ठेवलं होतं, असं सांगून काही उपयोग नव्हता. हिरवा चारा राखून नुसता बघत बसायचं, हे तिला कोणत्या भाषेत सांगणार? ती म्हणाली ते तिच्या जागी बरोबरच होतं. मी फक्त म्हटलं, म्हशीला एकदम घालू नकोस, पोट फुगेल. "ते मला सांगतीस व्हय," ती म्हणाली. "कडब्यात मिसळून घालतो."

आत्या उठल्या, पायरीवर आल्या आणि बघत राहिल्या. त्यांनी जावेला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "माझी चार लुगडी बाजूला काढून ठेव. पाऊस लागायच्या आत गेलेलं बरं."

नवरा आला. त्यानं बघितलं. जिंकलेला माणूस जितका गप्प बसतो तितका तो बसला, म्हणजे फार वेळ नाही. "मेस्त्रीला कधी बोलवू?"

"अट पावसाची होती," मी म्हटलं. "पाऊस आलेला न्हाय."

"आता काय उगवणार हाय त्यात?"

मला माहीत नव्हतं. हिमाचलच्या फौजी बाईला फोन लावला, ती माहेरी गेली होती. मी हकीकत सांगितली तर ती हसायलाच लागली. त्यांच्याकडं मेंढ्या येऊन हेच करतात, वर्षातून कितीतरी वेळा. "काटने से तो और घना होता है, दीदी. बस पानी दो." मी पाणी देत राहिले. लुगडी बाजूला काढली नाहीत. इस्त्रीला द्यायची आहेत म्हणून सांगितलं.

फौजी बाईचं खरं निघालं. आठवडाभरात कापलेल्या बुडख्यांतून बारीक पानं आली, आणि वळवाच्या आणखी एका तडाख्यानंतर पहिल्यापेक्षा दाट, जमिनीला चिकटून. वर वाढलेला क्लोव्हर आधी पायाखाली लोळायचा. आता तो गादीसारखा नाही, जाड सतरंजीसारखा झाला. जावेनं न विचारता कापलं नसतं तर मी स्वतः त्याला कधी विळा लावला नसता, आणि पावसात त्याचा कुजलेला चिखल झाला असता, हे आता मला कळतं. तिला मात्र मी हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही. ती दर महिन्याला येऊन कापेल.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैत तो रोजचा झाला. एका रविवारी नवरा परड्याच्या दारात उभा राहिला. आत्या कढीपत्ता तोडायला निघाल्या. तो पुढं झाला, "थांब, हात धरतो."

"सर बाजूला. तूच पडशील आणि मला घेऊन पडशील."

त्या गेल्या, कढीपत्ता तोडला, परत आल्या. पाय ओले झाले होते, पण मातीचे नव्हते. मग नवरा स्वतः उतरला. प्रत्येक पावलाला टाच दाबून, यंत्राचा बोल्ट तपासावा तसा, भिंतीपर्यंत गेला. धुण्याच्या दगडाभोवती, जिथं पाणी साचतं, तिथं क्लोव्हर कुजला होता आणि शेवाळ पुन्हा आलं होतं. तिथं त्याचा पाय सरकला.

"हितं पेव्हर लागणारच," तो म्हणाला.

"हितं घाला," मी म्हटलं. त्याचं म्हणणं तेवढ्या जागेपुरतं खरं होतं.

मेस्त्री आला, अर्ध्या दिवसात दगडाभोवतीचं काम झालं, चहा मी केला. उरलेले पेव्हर जावेनं गोठ्यासाठी नेले. बाकीची माती उघडीही नाही आणि झाकलेलीही नाही. तिच्यात आत्यांचं खुरपं चालतं.

परवा जाऊ पुन्हा आली, नागपंचमीचं आमंत्रण घेऊन. पंचमीला आमच्याकडं कुणी जमीन खणत नाही, विळी-विळा चालवत नाही. तिनं आत्यांना म्हटलं, "चला की चार-आठ दिवस. पाऊस बी हाय, माती बी हाय. तुम्हाला माती पाहिजे न्हवं?"

आत्या उसाच्या चिपाडानं नखातली माती काढत होत्या. "पंचमीला येतो. त्या दिवशी खुरपं लावायचं नसतंय, तेवढा एक दिवस मोकळा हाय माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसवायचं मला. अंबुशी लई उगवलीया, हिला ओळखू येत न्हाय."

हिला म्हणजे मला. मी ब्लाऊजचे हूक लावत होते. ते खाली ठेवले, जावेला आत बोलावलं आणि इंजेक्शन कसं टोचायचं ते दाखवलं. एका मुक्कामापुरतं.